तारखेचा काटा

जानेवारी महिन्यात सकाळी पावणेनऊच्या सुमारास शिरूर किंवा दौंड तालुक्यातील रस्त्यांवरून जो कोणी गेला असेल, त्याच्या दृष्टीस दोन गोष्टी खात्रीने पडल्या असतील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाच्या मोळ्यांनी लादलेले ट्रॅक्टर, मालमोटारी आणि बैलगाड्या रांग धरून उभ्या असतात. आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर सकाळच्या धारा काढून आलेली माणसे हातात किटली घेऊन आपला क्रमांक लागण्याची वाट पाहत असतात. एकाचा हिशेब टनांत, दुसऱ्याचा लिटरांत. परंतु दोघांचाही व्यवहार शेवटी वीतभर लांबीच्या एका छापील चिठ्ठीवर येऊन ठेपतो. तीवर वजन असते, फॅट असते, दर असतो; आणि एका कोपऱ्यात, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही अशी, तारीख असते. पहिल्या पानावरील ही जागा आज आम्ही त्या तारखेस देत आहोत.

तारीख ही शोभेची वस्तू नव्हे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यास पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्यास त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. त्यापुढे विलंब झाल्यास दरसाल १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. हे व्याज प्रत्यक्षात किती जणांच्या पदरात पडते हा निराळा आणि अधिक कडू विषय आहे. तो आज आम्ही बाजूस ठेवतो. पण ज्या दिवशी एखादा शेतकरी ते मागावयास उभा राहील, त्या दिवशी त्याच्या हातात पुरावा असेल तो काट्यावरील पावतीचाच. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. तो कोणत्या दहा दिवसांचा, हे तारीख सांगते. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फिटले की थकले, व्याजाची सवलत मिळाली की गेली, याचा निर्णयही तारीखच करते. सावकाराच्या चोपडीतील तारखेवर ज्यांच्या आज्या-पणज्यांची जमीन गेली, त्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता वाचकांनी अशी कल्पना करावी, की मंगळवार, १९ जानेवारी २०३८ हा दिवस उजाडला आहे. गळीत हंगाम भरात आहे. घड्याळात आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे आणि सात सेकंद झाले आहेत. पुढच्याच सेकंदास काट्याच्या खोलीतील जुन्या बांधणीच्या यंत्राने एक पावती छापली, आणि तीवर तारीख उमटली ती डिसेंबर १९०१ मधील! त्या सालात हिंदुस्थानात प्रमाणवेळसुद्धा ठरलेली नव्हती. ती १९०६ साली आली. दौंड स्टेशनाचे नाव इंग्रज त्या काळी ‘धोंड’ असे लिहीत. अशा काळातला ऊस आज आलेला पाहून लेखापालाने काय करावे?

ही कविकल्पना नव्हे, साधे अंकगणित आहे. असंख्य संगणकांत काळ मोजण्याची रीत अशी, की १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच येथील मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले एवढा एकच आकडा यंत्र ध्यानात ठेवते आणि त्यावरून दिनांक काढते. हा आकडा ठेवण्यासाठी जुन्या रचनेत ३२ घरे दिलेली आहेत. त्यांतील एक घर धन-ऋण चिन्हाचे. उरलेल्या ३१ घरांत मावणारा मोठ्यांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. त्या मंगळवारी सकाळी तो आकडा भरतो. आणखी एक सेकंद मिळवला की चिन्हाचे घर उलटते, आणि १९७० च्या जितके पुढे आलो होतो तितकेच यंत्र मागे जाते. मोटारीच्या मैलमापकात ९९,९९९ च्या पुढे शून्ये येतात, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच, की आपण पुन्हा नव्या झालो असे मोटारीस वाटत नाही, संगणकास वाटते.

असले भविष्य पूर्वी एकदा ऐकले होते आणि ते खोटे ठरले होते, असे अनेक वाचक आता म्हणतील. त्यांचे स्मरण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

१९९८ आणि १९९९ ही दोन वर्षे ज्यांस आठवतात त्यांस ‘वायटूके’ हा विचित्र शब्दही आठवत असेल. विसाव्या शतकाच्या मध्यास संगणकाची स्मरणशक्ती सोन्याच्या भावाची होती. ऐंशी रकान्यांच्या छिद्रांकित पत्त्यावर माणसाचे नाव, खाते, रक्कम, सारे काही बसवायचे. तेव्हा सालाचे पहिले दोन आकडे लिहिण्याची चैन कोणी करावी? १९६५ चे ६५ झाले. लिहिणाऱ्यांस वाटले, आपली ही आज्ञावली पाच-दहा वर्षे चालेल, मग दुसरी येईल. ती तीस वर्षे चालली. साल २००० उजाडताच यंत्रास दिसणार होते ‘००’, आणि १९९८ साली दिलेल्या कर्जाचे वय ते काढणार होते उणे ९८ वर्षे. शिवाय २००० हे लीप वर्ष आहे की नाही, याविषयीही कित्येक आज्ञावलींचा घोटाळा होता. शंभराने भाग जाणारे साल लीप नसते हा नियम त्यांस ठाऊक होता, पण चारशेने भाग गेल्यास ते लीप असते हा त्यापुढचा नियम कोणी शिकवलेला नव्हता.

ही चूक दुरुस्त करण्याचे काम जगाने केले, आणि त्यात पुण्याचा वाटा लहान नव्हता. पुण्यातच १९८१ साली फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रात जुन्या आज्ञावली तपासून त्या यंत्राकरवीच बदलण्याची साधने घडवण्याचे काम चाले. शहरात ‘कोबोल’ ही जुनी संगणकभाषा शिकवणाऱ्या वर्गांस गर्दी लोटली. अमेरिकेने कुशल परदेशी कामगारांच्या परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० वर नेली. कोथरूडच्या आणि सदाशिव पेठेच्या कितीतरी घरांतील मुले विमानात बसली ती या दोन हरवलेल्या आकड्यांच्या शोधात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. येथे सरकारनेही १९९८ साली नियोजन मंडळाचे सदस्य माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने एकट्याने आठ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला; साऱ्या जगाच्या खर्चाचे अंदाज तीनशे ते सहाशे अब्ज डॉलरचे होते.

आणि १ जानेवारी २००० हा शनिवार उजाडला. विमाने पडली नाहीत, दिवे गेले नाहीत, बँका बुडाल्या नाहीत. सोमवारपासून थट्टा सुरू झाली. संगणक कंपन्यांनी बागुलबुवा उभा करून जगास लुबाडले असे शहाणी माणसे म्हणू लागली, आणि तेच मत आजवर रूढ आहे.

वस्तुतः काहीच झाले नाही हेही खरे नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथील रुग्णालयात गर्भवती स्त्रियांच्या वयावरून गर्भातील दोषाचा संभव वर्तवणाऱ्या संगणकाने जानेवारी २००० पासून वयेच चुकीची धरली. दीडशेहून अधिक स्त्रियांस चुकीचे निष्कर्ष कळवले गेले, आणि ही चूक मे महिन्यापर्यंत कोणाच्या ध्यानातही आली नाही. त्या घरांत पुढे काय झाले असेल ते लिहिण्याचे आम्ही टाळतो. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांकडून येणारी माहिती वाचणारे भूकेंद्र त्या रात्री ठप्प झाले, आणि ते काही दिवसांनी पूर्वपदावर आले. दुरुस्तीच्या जाळ्यातून निसटलेल्या चुकांनी इतके केले. न निसटलेल्यांनी काय केले असते याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

संशयवाद्यांचा एक मुद्दा मात्र आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. इटलीसारख्या काही देशांनी फारशी तयारी केली नव्हती आणि त्यांचेही फारसे बिघडले नाही. पण त्यांची यंत्रे आणि आज्ञावली बव्हंशी ज्या कंपन्यांकडून आलेल्या होत्या, त्यांनी त्या मुळाशीच दुरुस्त करून पाठवल्या होत्या. शेजाऱ्याने ओढा अडवला म्हणून ज्याचे शेत वाचले, त्याने बांधबंदिस्ती निरुपयोगी ठरवावी असा हा न्याय झाला.

निवारलेल्या संकटाचे दुर्दैव हेच, की त्याचा पुरावा मागे राहत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ते पुणेकर तीन पिढ्या विसरले नाहीत. जी धरणे फुटली नाहीत त्यांची दारे रात्री-अपरात्री तपासणाऱ्यांची नावे कोणास सांगता येतील?

आता शिरूर-दौंडकडे परत येऊ. १९९९ साली हे दोन तालुके निर्धास्त होते, आणि तसे असण्याचा त्यांना हक्कही होता. दौंड स्टेशनात आणि मोठ्या कारखान्यांत काही यंत्रे असतील, परंतु सोसायट्यांचा, दूध डेऱ्यांचा आणि पतसंस्थांचा कारभार लाल कापडी बांधणीच्या जाडजूड खतावण्यांतून चाले. खतावणीस शतक बदलल्याचे भय नसते. लेखनिक नुसते पान उलटतो. पुढच्या पाव शतकात मात्र ती खतावणी गेली. सातबारा संगणकावर आला. दुधाचे फॅट यंत्र सांगू लागले आणि पावतीही तेच छापू लागले. काटा इलेक्ट्रॉनिक झाला. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक शेती पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे दप्तरही या वाटेस लागले. हे सारे इष्टच झाले, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु मागच्या खेपेस मागासलेपणाने जे संरक्षण दिले होते, ते या खेपेस उरलेले नाही.

धोका नेमका कोठे आहे हेही नीट पाहिले पाहिजे, नाही तर मागच्यासारखाच पुन्हा बाऊ केल्याचा दोष आमच्याकडे येईल. आपल्या खिशातील नवे फोन आणि कचेरीतील नवे संगणक ६४ घरांचे आहेत. त्यांत हा आकडा भरावयास अब्जावधी वर्षे लागतील. लिनक्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातही जुन्या ३२ घरांच्या यंत्रांसाठी २०२० साली दुरुस्ती झालेली आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील मोठमोठ्या कंपन्यांची चिंता आम्ही करीत नाही. त्यांच्या मुख्य कचेरीतून योग्य वेळी परिपत्रक येईल आणि काम होईल. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांविषयी थोडी अधिक सावधगिरी हवी. भट्टीवरील झडप तारीख विचारून उघडत नाही हे खरे. पण धोक्याच्या इशाऱ्यांची नोंद, देखभालीची मुदत, कोणत्या घाणीत कोणते द्रव्य केव्हा पडले याचा लेखा, हे सारे तारखेवर लटकलेले असते, आणि अपघातानंतरच्या चौकशीत पहिला प्रश्न ‘केव्हा?’ हाच असतो.

आमची खरी चिंता आहे ती लहान माणसाच्या लहान यंत्राची. रांजणगावच्या बड्या कारखान्यास सुटे भाग पुरवणारी दहा कामगारांची शेड, पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला काटा, डेरीतील पेटीवजा यंत्र, पतसंस्थेची कोणा ओळखीच्या मुलाने लिहून दिलेली आज्ञावली. असल्या यंत्राच्या पोटात कोणते घड्याळ आहे हे मालकास ठाऊक नाही. ज्याने विकले तो धंदा बदलून गेला. ज्याने लिहिले तो आता कदाचित न्यू जर्सीत असेल. यंत्र चालते आहे ना, मग त्यास हात कशास लावा, असा आपला सार्वत्रिक शिरस्ता. १९६० च्या दशकातील त्या आज्ञावलीकारांचीही समजूत अशीच होती.

शिवाय संकट बरोबर त्या मंगळवारचा मुहूर्त धरूनच येईल असे नाही. जी यंत्रे पुढच्या तारखांचा हिशेब करतात, त्यांच्या दारी ते आधीच येते. मे २००६ मध्ये अमेरिकेतील काही संगणक अचानक कोसळले. त्यांत मुदत म्हणून एक अब्ज सेकंद पुढची वेळ मांडण्याची पद्धत होती, आणि ती वेळ २०३८ च्या पलीकडे जाऊ लागली होती. आज एखाद्या पतसंस्थेने पंधरा वर्षांच्या मुदतीचे घरकर्ज दिले तर त्याचा शेवटचा हप्ता त्या सीमेपलीकडे पडतो. तो हप्ता यंत्र कसा मांडते, हे एकाही संचालकाने पाहिले आहे काय? संगणकांनी परस्परांस वेळ कळवण्याच्या प्रचलित पद्धतीतला आकडा तर त्याआधीच, फेब्रुवारी २०३६ मध्ये भरणार आहे. आणि ज्यात कसलेच गणित नाही अशा निव्वळ विस्मरणाचेही उदाहरण आहे: १ जानेवारी २०२० रोजी न्यूयॉर्क शहरातील हजारो पार्किंग यंत्रांनी पैसे भरण्याची कार्डे नाकारली, कारण त्यांतील मुदतीची तारीख पुरवठादाराने वेळेवर पुढे नेली नव्हती.

उरला आहे तो एका तपाच्या आसपासचा काळ. संगणकाच्या दुनियेत तो फार वाटेल; काट्याच्या आणि डेरीच्या दुनियेत तो फार नाही, कारण या वर्षी विकत घेतलेला काटा त्या सकाळीही तेथेच उभा असण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणून जुन्या यंत्रांपेक्षाही नव्या खरेदीकडे आम्ही वाचकांचे लक्ष अधिक वेधतो. खरेदीच्या करारात एक वाक्य घालण्यास आज एक पैसाही पडत नाही. तेच वाक्य न घातल्याची किंमत पुढे सबंध यंत्राइतकी होऊ शकते.

या देशाने मोजमापाचे मोठे बदल पूर्वी नीटपणे पार पाडलेले आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले. तेव्हा दुकानादुकानांतून रूपांतराची कोष्टके टांगली गेली, जुनी-नवी नाणी काही काळ बरोबर चालली, आणि बाजारातल्या भाजीवालीपासून पेढीवरच्या मुनिमापर्यंत सर्वांनी कुरकुरत का होईना तो हिशेब शिकून घेतला. तो बदल डोळ्यांस दिसणारा होता, हे त्यातले मोठे सुख. हा दिसणारा नाही. म्हणून तो दाखवण्याचे काम कोणी तरी अंगावर घेतले पाहिजे.

ते कोणी घ्यावे? सरकारच्या वैधमापन यंत्रणेचे निरीक्षक ठराविक मुदतीने काट्याची पडताळणी करून त्यावर मुद्रा उठवतात. वजन खरे आहे की नाही हे जसे पाहिले जाते, तशी पावतीवरची तारीख २०३८ ओलांडते की नाही ही परीक्षा त्याच फेरीत जोडण्यास कोणती अडचण आहे? सोसायट्यांच्या संगणकीकरणावर जो सरकारी पैसा खर्च होत आहे, त्याच्या प्रत्येक निविदेत ही अट असावयास हवी. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसारखी १९१७ पासून शेतकऱ्यांशी व्यवहार करणारी संस्था आपल्याशी जोडलेल्या सोसायट्यांकडून तसा दाखला मागू शकेल. १९९९ साली मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडून दाखले मागूनच निम्मे काम करून घेतले होते. आणि हिंजवडीस रोज मोटारीने जाणारे आमचे जे वाचक परदेशातील बँकांची घड्याळे दुरुस्त करतात, त्यांतील कित्येकांचे चुलते-मामा शिरूर-दौंडमध्येच ऊस लावतात. सुटीत गावी गेल्यावर त्यांनी तासभर डेरीच्या खोलीत जाऊन बसावे, अशी विनंती करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. त्यांच्या सकाळच्या चहातील दूध तेथूनच येते.

परीक्षा अवघड नाही. हंगाम संपल्यावर, काटा मोकळा असताना, आधी सर्व नोंदींची प्रत काढून घ्यावी. कारण तारीख पुढे ढकलल्याने काही आज्ञावलींचा परवानाच संपतो आणि चालते यंत्र बंद पडते. नंतर पुरवठादाराच्या माणसासमक्ष यंत्राची तारीख २० जानेवारी २०३८ करावी, रिकाम्या ट्रॉलीची एक पावती छापावी, आणि तारीख पूर्ववत लावावी. ३० सप्टेंबरच्या आत सहकारी संस्थांस आपली वार्षिक सभा घ्यावी लागते. त्या सभेत अहवाल वाचून झाल्यावर आणि चहा येण्यापूर्वी, एखाद्या सभासदाने उठून ती पावती पाहावयास मागावी.